पाण्याखालच्या गावाचे फोटो

पुण्याहून सोलापूरच्या एस.टी.त बसलात आणि भिगवण मागे पडले, की डाव्या बाजूच्या खिडकीकडे लक्ष ठेवा. उसाच्या फडांमधून, केळीच्या बागांमागून अधूनमधून पाणी चमकू लागते. परमुलखातला माणूस असेल तर विचारतो, "एवढं पाणी कुठलं हो इथं?" ती आपली भीमाच. उजनीच्या धरणाने अडवली आणि मागे पसरली. कागदोपत्री या जलाशयाचे नाव यशवंतसागर. काठावरची माणसे मात्र त्याला नुसते 'धरण' म्हणतात. भिंत पार खाली माढा तालुक्यात, पण दारासमोर पाणी आहे ना, मग ते धरणच.

थंडीत इथे रोहित पक्षी उतरतात. त्यांचे फोटो घ्यायला शहरातली मंडळी हातभर लांब भिंगांचे कॅमेरे घेऊन भिगवणला, कुंभारगावला येतात आणि पहाटे होडीत बसतात. ते फोटो देखणे असतात, तुम्हीही कॅलेंडरवर पाहिले असतील. पण मी तुम्हांला इथवर आणले ते दुसऱ्याच फोटोंसाठी. ते फोटो काठावरच्या घरांत लोखंडी ट्रंकेच्या तळाशी असतात. लग्नाच्या पत्रिका, जुने सातबारे आणि सोसायटीच्या पावत्या यांच्यामध्ये. बरेचसे तर तीन-चार बोटे रुंद. काढणारा कुणी फोटोग्राफर नव्हता. आणि त्या फोटोंत जे गाव दिसते, ते आता पाण्याखाली आहे.

धरण १९८० साली पुरे झाले. त्याआधीच्या वर्षांत इंदापूर आणि करमाळा या दोन्ही तालुक्यांतली नदीकाठची गावे उठली आणि वर माळावर जाऊन बसली. काठाची काळी जमीन गेली. शाळूचे शेत गेले. मधे १९७२ चा दुष्काळ येऊन गेला होता, सुकडी आणि मिलो खाऊन माणसांनी दिवस काढले होते. त्यामुळे धरण होऊ नये असे म्हणणारा माणूस तेव्हाही विरळा होता आणि आजही विरळा आहे. माळावर ऊस आला, केळी आली, साखर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. पाण्यात चिलापी, रोहू, कटला आले, भिगवणला मासळीचा बाजार भरू लागला. हे सगळे खरे. आणि म्हाताऱ्या माणसाला दुपारी खाटेवर पडल्यावर जुन्या गावाची वेस आठवते, हेही खरे.

गाव उठताना जे उचलता आले ते लोकांनी उचलले. वासे काढले, तुळया काढल्या, दाराच्या चौकटी सोडवून बैलगाडीत घातल्या. पळसदेवच्या लोकांनी नव्या गावात पळसनाथाचे नवे देऊळ बांधले. पण वेस कशी उचलणार? पार, विहीर, नदीचा घाट, शंभर वर्षांची चिंच? ती जागच्या जागी राहिली. आज ती फक्त दोन ठिकाणी सापडतात, म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आणि त्या तीन बोटे रुंद फोटोंत.

तुम्ही म्हणाल, फोटो तर तालुक्याच्या स्टुडिओतही काढलेले असतात. असतात ना. प्रत्येकाच्या भिंतीवर एखादा आहेच. आजोबा खुर्चीत, हात गुडघ्यावर. आजी शेजारी उभी, डोक्यावर पदर. आणि मागे काय? रंगवलेला पडदा. त्यावर तळे, कमान, कुठला तरी महाल. ज्या बाईने जन्मात महाल पाहिला नाही, ती त्या महालापुढे उभी. चेहरा अगदी स्वच्छ येतो, पण गावाचा एक दगड त्यात येत नाही.

हौशी फोटोचे उलटे. त्यात चेहरा धड येत नाही आणि गाव मात्र येते. याला कारण तो कॅमेरा. पूर्वी गावाकडे जे साधे कॅमेरे यायचे (डबा कॅमेरा म्हणा, पुढे आलेला 'क्लिक थ्री' म्हणा) त्यांचे भिंग एकाच जागी बसवलेले असे. माणूस सहा-सात फुटांच्या आत आला की पुसट व्हायचा. म्हणून काढणारा ओरडायचा, "मागं सरा, अजून मागं सरा!" माणसे मागे सरत, लहान होत, आणि त्यांच्या भोवती गोठा, रांजण, उकिरडा, शेजाऱ्याचे कौल, लांबचे शिखर, सगळे फोटोत शिरे. घरात उजेड पुरत नसे, म्हणून फोटो अंगणात, भर उन्हात. सगळ्यांचे डोळे मिचकावलेले. जो हलला तो पुसला गेला. म्हणून जुन्या फोटोंत बैलाला शेपटी नसते आणि पोरांना तोंड नसते. एका रोलवर फोटो बहुतेक बाराच. रोल महाग, धुणावळ वेगळी. उटीच्या सरकारी कारखान्याची 'इंदू' फिल्म मिळू लागली तरी बारा म्हणजे बाराच. लग्न, बारसे, नवा बैल, जत्रा, मुंबईचे पाहुणे, सगळे त्या बारात बसवायचे. आज मोबाइलवर जेवायच्या ताटाचे बारा फोटो निघतात, ते सोडा.

कॅमेरा गावात कुणाकडे असायचा? शाळामास्तर, रजेवर आलेला फौजी, मुंबईला गिरणीत असलेला मुलगा, नाहीतर रेल्वेतला कुणी. या बाजूला रेल्वेतले लोक बरेच. डिकसळचा ब्रिटिशकालीन रेल्वेपूल तुम्ही ऐकून असाल. धरणामुळे रेल्वेची वाट बदलली, आणि तो पूल पुढे मोटारींच्या उपयोगी आला.

आता तुम्हांला काठावरच्या एका नव्या गावठाणात नेतो. गावाचे नाव सांगत नाही, घरच्या माणसांना बरे वाटणार नाही. नवे गावठाण म्हणायचे, पण ते बसून आता चाळीसहून अधिक वर्षे झाली. घरची सून शिकलेली. तिने ट्रंक उघडली, पिशवी काढली आणि अंथरलेल्या घोंगडीवर एकेक फोटो मांडला. सगळे मिळून एकोणीस. काहींच्या कडा दातेरी, बिस्किटासारख्या. शेजारी सासूबाई बसल्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे, नजर अधू, पण फोटो हातात दिला की बोटाने चाचपून म्हणणार, "हा वाड्याम्होरचा." एवढ्याशा आकारात आम्हांला काय दिसणार? सुनेने मोबाइलने फोटोचा फोटो घेतला आणि बोटांनी मोठा करून सासूबाईंपुढे धरला. मग बोलणे सुरू झाले.

पहिल्या फोटोत एक खिल्लारी जोडी आणि कासरा धरलेले आजोबा. घरच्यांना वाटत होते फोटो आजोबांचा. सासूबाई म्हणाल्या, "बैलांचा हाय त्यो. बैल इकायचं व्हतं दुसऱ्या दिशी." आणि मग त्यांनी आजोबांच्या मागे बोट नेले. तिथे एक काळा ठिपका. "ह्यो देवळाचा पार. हितं आमची हळद वाळायची."

दुसऱ्यात नदीचे वाळूचे पात्र आणि डोक्यावर गाठोडी घेतलेल्या सात-आठ बाया पाठमोऱ्या चाललेल्या. करमाळ्याच्या बाजूला जत्रेला. उन्हाळ्यात तेव्हा भीमा पायी ओलांडायची. पलीकडे लेक दिलेली असायची, इकडून शिदोरी घेऊन गेले की संध्याकाळी परत. धरण झाले आणि दोन्ही काठांमध्ये हे एवढे पाणी पडले. सोयरिकी तुटल्या नाहीत, पण होडी मधे आली. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळात उलटली आणि सहा जण गेले. तो फोटो पाहताना सूनबाईने हे सांगितले आणि मोबाइल जरा वेळ खाली ठेवला.

तिसरा फोटो फसलेला. जुन्या कॅमेऱ्यात एक फोटो झाला की हाताने खुंटी फिरवून रोल पुढे घ्यावा लागे. विसरला की त्याच जागी दुसरा फोटो बसे. इथे तसेच झालेले. खाली नवरा-नवरी मुंडावळ्या बांधून बसलेले आणि त्यांच्या अंगातून नदीचा घाट गेलेला. नवरीच्या डोक्यावर होडीची टोके. घरात हा फोटो कुणी भिंतीवर लावला नाही, अपशकुन म्हणून. तरी टाकूनही दिला नाही, कारण घाटाच्या सगळ्या पायऱ्या दाखवणारा तेवढा एकच.

चौथ्यावर मात्र मी बराच वेळ थांबलो. बैलगाडी भरलेली, वर दाराची चौकट आडवी घातलेली, चौकटीला बांधलेले तोरण वाळून लोंबते आहे. गाडीवर कोंबड्यांची डालगी, त्यावर एक पोर. मागे भिंती उभ्या, पण त्यांवर छप्पर नाही. गाव उठतानाचा दिवस. आणि फोटोच्या खालच्या कडेला, धुळीत, एका माणसाची लांब सावली पडलेली. डोके आणि दोन्ही कोपर बाहेर आलेले, म्हणजे कॅमेरा छातीशी धरलेला. 'सूर्य पाठीशी घेऊन फोटो काढावा' असे तेव्हा कॅमेऱ्याबरोबर शिकवले जाई, त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या फोटोत काढणाऱ्याची सावली हमखास उतरते.

"ही कुणाची?" सुनेने विचारले. ती या घरात येऊन वीस वर्षे झाली, पण तिने कधी सावलीकडे पाहिले नव्हते. सासूबाई म्हणाल्या, "धाकलं दीर. रेल्वेत व्हतं." एकोणीसच्या एकोणीस फोटो त्यांनीच काढलेले. लग्न न करता गेले, आणि घरात त्यांचा स्वतःचा फोटो एकही नाही. ज्याच्या हातात कॅमेरा, तो फोटोत कसा येणार? एवढी ती सावली. तुमच्या घरचे जुने फोटो काढून बघा. असा एक माणूस तुमच्याही घरात निघेल.

एका फोटोवर मात्र गाडी अडली. विहिरीच्या काठावर एक तरुण बाई, कंबरेवर घागर, कॅमेऱ्याकडे बघून हसते आहे. त्या काळच्या फोटोत बाई हसलेली फार थोड्या वेळा सापडते. ही कोण? घरातली नव्हे, असे सासूबाई म्हणाल्या. मग सुनेच्या मोबाइलमधला तो फोटो दुसऱ्या गावठाणात गेला, तिथून तिसऱ्या. जुन्या एका गावची माणसे धरणानंतर तीन-चार ठिकाणी विखुरली आहेत, त्यामुळे ओळख पटवणे म्हणजे भाकरीचे तुकडे जुळवण्यासारखे. कुणी म्हणाले पाटलांची लेक, कुणी म्हणाले सुताराची सून. दोन म्हाताऱ्यांचे त्यावरून भांडणही झाले म्हणे. पुरुषांची नावे कुणी ना कुणी सांगतो. बायांच्या बाबतीत 'अमक्याची आई', 'तमक्याची थोरली' एवढ्यावर गोष्ट थांबते. त्या अमक्याला आठवणारे गेले की आईही गेली.

शेवटी महिन्याने उलगडा झाला, तो चेहऱ्यावरून नव्हेच. पलीकडच्या गावठाणातल्या एका आजींनी बाईकडे बघितलेसुद्धा नाही. म्हणाल्या, "ही आमची हीर. हिच्या काठाचा ह्यो धोंडा फुटलेला, माझ्या भावानं बैल बांधून फोडला." विहीर कुणाची ते कळले, म्हणजे पाणी कोण भरायचे ते कळले. ती आजींची थोरली भावजय. पहिल्या बाळंतपणात गेली. तिच्या माहेरी-सासरी तिचा एकही फोटो नव्हता. आजींनी तिचे नाव सांगितले, माहेरचे आणि लग्नात ठेवलेले, दोन्ही. सुनेने ते मऊ पेन्सिलीने फोटोच्या पाठीवर लिहिले, आणि मूळ फोटोच आजींना देऊन टाकला. स्वतःकडे मोबाइलमधला ठेवला. रेल्वेतल्या दिराने तो फोटो का काढला होता, हे विचारायला आता कुणी नाही, आणि असते तरी विचारू नये असे मला वाटते.

या गावठाणातून निघून आपण पळसदेवला जाऊ. त्यासाठी पाण्याचा हिशेब थोडा समजून घ्या. उजनीचे एकूण पाणी सुमारे ११७ टी.एम.सी. त्यातले सुमारे ६३ टी.एम.सी. हे मृतसाठ्यात, म्हणजे अर्ध्याहून जास्तच. उन्हाळ्यात पेपरात 'उजनी वजा वीस टक्के', 'वजा तीस टक्के' असे छापून येते, ते या मृतसाठ्यातले पाणी उपसले जाते म्हणून. धरण वजात गेले म्हणजे कोरडे पडले असे नव्हे. जुनी गावे आहेत ती याच थरात. काठावरचे एक आजोबा मला म्हणाले, "आमचं गाव मृतसाठ्यात हाय." त्यांनी हे हसतच सांगितले.

म्हणून पळसनाथाचे जुने देऊळ दरवर्षी दिसत नाही. पाणी फारच खाली गेले की आधी शिखर, मग मंडप, मग आवार. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण वजा पन्नास टक्क्यांच्याही खाली गेले आणि देऊळ पायापर्यंत उघडे पडले. हेमाडपंती दगडी बांधणी, वर विटांचे शिखर. इतकी वर्षे पाण्यात राहून दगड हललेला नाही. आवारात वीरगळ पडलेले. लोक मोटारी भरभरून आले. देवळासमोर उभे राहून स्वतःचे फोटो काढले, वडापाव खाल्ला, गेले. त्यांच्यातच काही माणसे देवळाकडे पाठ करून उभी होती आणि नुसत्या गाळाकडे बोट दाखवत होती. "इथं आमचं घर. इथं शाळा. इथं पिराचा उंबर." बघणाऱ्याला तिथे भेगाळलेल्या गाळाखेरीज काही दिसत नव्हते. अशा वेळी हातात जुना फोटो असला तर केवढा फरक पडतो! फोटोत शिखराच्या डाव्या अंगाला भिंत दिसते ना, मग शिखर तसे दिसेपर्यंत मागे चालायचे. पायाचे दगड लागतात. एका कुटुंबाला असा उंबरठा सापडला. चौकट घेऊन गेलेले, उंबऱ्याचा दगड मात्र राहिलेला.

जाणार असाल तर एक सांगतो. वरून सुकलेला गाळ आत ओला असतो, गुडघ्यापर्यंत पाय जातो आणि निघत नाही. गाळपेर करणारा शेतकरी किंवा मासेमारी करणारा कुणी बरोबर घ्या, त्यांना वाटा ठाऊक असतात. वीरगळांवर चढू नका. आणि एकदा सह्याद्रीत पाऊस लागला, वरच्या धरणांतून पाणी सुटून दौंडचा विसर्ग वाढला, की चार-सहा दिवसांत सगळे पुन्हा झाकते.

फोटो जपण्याबद्दल विचाराल, तर जुने काळे-पांढरे फोटो चिवट असतात. पन्नास-साठ वर्षे सहज टिकतात. १९७५-८० नंतरचे रंगीत फोटो मात्र तांबूस पडत चालले आहेत, त्यांची घाई करा. पाठीवर बॉलपेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. ओल्या फडक्याने पुसू नका. पावसाळ्यात फोटो एकमेकांना चिकटले तर ओढून सोडवू नका. काचेला चिकटलेला फोटो तसाच राहू द्या आणि काचेवरूनच, सावलीत, फ्लॅश न लावता मोबाइलने घ्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत दमट कोंडते, त्यापेक्षा कोरा कागद आणि पत्र्याचा डबा बरा. चुलीच्या धुरापासून आणि कसरीपासून लांब. जुन्या काळ्या निगेटिव्ह सापडल्या तर कचरा म्हणून फेकू नका, त्यांवरून फोटो नव्याने निघतो. आणि म्हाताऱ्या माणसाला फोटो दाखवताना 'हा कोण?' एवढेच विचारू नका. 'मागं काय दिसतंय?' हेही विचारा. बोलू लागले की मोबाइलवर आवाज भरून घ्या. लिहिताना आपण त्यांचे शब्द गाळतो.

त्या घरच्या सुनेने आता एकोणीसही फोटोंच्या पाठीवर नावे घातली आहेत. बैलगाडीच्या फोटोमागे पोराचे नाव, गाडी हाकणाऱ्याचे नाव, आणि सगळ्यांत खाली, जिथे पुढच्या बाजूला सावली पडली आहे बरोबर त्या जागी, धाकट्या दिरांचे.